घरात न लावायचे फोटो

शंकर नगरातला चक्कीवाला मुलीच्या लग्नासाठी गावी गेला आणि चक्कीला कुलूप लागलं. घरात कणकेच्या डब्याचा तळ दिसायला लागला, तेव्हा पिंकीनं नवऱ्याच्या हातात गव्हाची थैली दिली. म्हणून एका रविवारी सकाळी अच्युत धोटे स्कूटरवर पायांशी थैली उभी करून गोल बाजाराच्या मागच्या पाऱ्यांमधून, म्हणजे मोहल्ल्यांमधून, चक्की शोधत निघाला. एरवी त्या बाजूला त्याचं काही काम पडत नसे.

अच्युत मंत्रालयात नोकरीला होता. नवं राज्य होऊन रायपूर त्याची राजधानी झाली, त्याला चार वर्षं झाली होती. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय थाटलं होतं आणि भोपाळहून ट्रक भरभरून आलेल्या फायली आत्ता कुठे कपाटांत स्थिरावल्या होत्या. घर ते मंत्रालय आणि मंत्रालय ते घर, एवढंच त्याचं रायपूर. त्याची आई पद्मिनीबाई सदर बाजाराच्या एका गल्लीत 'धोटे स्टुडिओ' चालवायची. अच्युतचे वडील यशवंतराव होते तेव्हा ते लग्नाचे फोटो काढत आणि आई पडद्यामागे बायकांचे. स्थळाला दाखवण्यासाठी मुलीचा फोटो काढायचा तर घरच्यांना पुरुष फोटोग्राफर चालत नसे. यशवंतराव गेले, पण आईनं दुकान बंद केलं नाही. नवं राज्य आलं तसं साऱ्या गावाला फॉर्मावर चिकटवायला फोटो लागायला लागले, आणि आई ते काढत राहिली. अच्युतच्या समजुतीप्रमाणे आईचं काम म्हणजे निळा पडदा, एक स्टूल आणि 'हनुवटी जराशी खाली' एवढंच होतं.

चक्की मिळाली. मालक शालिग्राम साहू यानं गहू ओतून घेतला आणि नंबर येईपर्यंत थांबायला सांगितलं. पट्ट्याच्या घरघरीत बोलणं शक्य नव्हतं, म्हणून अच्युत इकडेतिकडे बघत उभा राहिला. आणि भिंतीवर त्याला तो फोटो दिसला.

चांगला हातभर मोठा, काळा-पांढरा, फ्रेममध्ये बसवलेला. एक बाई चाळणी घेऊन बसलेली. छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती आणि चाळणीतून उडालेलं पीठ त्या उन्हात तरंगत होतं. बाईच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकाच्या शेंड्यावरही पीठ. आणि ती कुणाकडे तरी अशी बघत होती, की आता रागावणार, पण हसू आधी येऊन बसलंय. अच्युत पुढे सरकला. त्याला आपोआप वाटलं की हिचा आवाज कसा असेल ते आपल्याला ठाऊक आहे.

शालिग्रामनं चक्की थांबवली तेव्हा त्यानं विचारलं, "ये कौन हैं?"

"मोर गोसाइन ए भइया," शालिग्राम लाजून हसला. माझी बायको. "अभी गाँव गई है, धान काटने. मैं उस दिन आटा तौलने में गलती किया था, मेरेको डाँटने वाली थी. दीदी ने उसी टाइम खींच लिया."

"कौन दीदी?"

"सदर वाली दीदी. हमको कार्ड के लिए फोटू चाहिए था, चक्की छोड़ के जा नहीं सकते थे. तो दीदी खुद आ गई. छोटा फोटू खींचा, फिर बोली, अब तुम लोग अपना काम करो."

अच्युतनं फ्रेमवरचं पीठ बाहीनं पुसलं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात दाबून उठवलेली लहानशी मोहर होती. ती त्यानं लहानपणापासून शेकडो वेळा पाहिली होती. धोटे स्टुडिओ, रायपूर.

कणीक घेऊन तो निघाला खरा, पण दारातून परत फिरला. "तुम्हाला कसं समजलं दीदीबद्दल?" हे त्यानं हिंदीत विचारलं. शालिग्राम म्हणाला, बायकोनं गोल बाजारात बांगडीवाल्याकडे असाच एक फोटो पाहिला होता. तिथून हट्ट धरला.

आता एखाद्या साध्या माणसानं घरी जाऊन आईलाच विचारलं असतं. पण अच्युत आपल्या आईला ओळखून होता. विचारलं असतं तर तिनं दोन शब्दांत विषय संपवून भाजी निवडायला घेतली असती. त्याला आधी पाहायचं होतं. तो तशीच गरम थैली घेऊन गोल बाजारात शिरला.

बांगडीवाल्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली फट होती. खालपासून वरपर्यंत काचेच्या बांगड्या. फोटोला बोटभर जागा नव्हती. अच्युतनं विचारल्यावर म्हातारा दुकानदार हसला आणि त्यानं नुसतं बोट वर केलं.

फोटो छताला लावला होता. बांगड्या भरून घ्यायला बाई खाली बसली, हात पुढे केला, दुखलं म्हणून मान मागे टाकली, की तो बरोबर तिच्या डोळ्यांसमोर यायचा. त्यात दुसरी एक बाई तशीच मान मागे टाकून बसली होती. डोळे घट्ट मिटलेले, ओठ दाताखाली, आणि म्हाताऱ्याची बोटं तिचा पंजा इतक्या हळुवार आवळून होती, जणू चिमणी धरली आहे. बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकलेली. पुढच्या क्षणाला ती सुटणार हे दिसत होतं.

अच्युत मान वर करून इतका वेळ उभा राहिला की मागच्या गिऱ्हाइकांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. घरी यशवंतरावांनी काढलेल्या लग्नांच्या अल्बमांचं एक कपाट होतं, आणि नातेवाईक आले की त्यातलेच अल्बम काढून दाखवले जायचे. असा फोटो त्या कपाटात एकही नव्हता.

म्हाताऱ्यानं सांगितलं, त्याचे वडील वारले तेव्हा मसणवटीतल्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, त्यानं पहिल्यांदा दीदीचा फोटो पाहिला. "वहाँ?" अच्युतनं विचारलं. "वहीं," म्हातारा म्हणाला. "जाके देखो."

पुढच्या रविवारी आई नेहमीप्रमाणे जेवण करून पिशवी घेऊन बाहेर पडली. "कुठं चालली आई?" पिंकीनं विचारलं. "येते जरा फिरून," आई म्हणाली. इतकी वर्षं अच्युतला वाटत होतं की ती भजनाला जाते. ती दिसेनाशी झाल्यावर तो स्कूटर काढून टालीवर गेला.

टालीचा बाबाराव मूळचा भंडाऱ्याकडचा निघाला. मराठी ऐकून त्यानं बसायला खाट दिली. त्याच्या पाठीमागे, पावत्या फाडायच्या खोलीच्या भिंतीवर, फोटो होता. लाकडं तोलायचा मोठा काटा. एका पारड्यात बाबारावची दोन-अडीच वर्षांची नात मांडी घालून राणीसारखी बसलेली. दुसऱ्या पारड्यात बाबाराव वजन ठेवतोय, चेहरा एकदम गंभीर, हिशेब चुकता कामा नये असा. आणि पारडं पोरीच्या बाजूनं खाली गेलेलं.

अच्युतला हसू फुटलं आणि लगेच आपण कुठे आहोत हे आठवून त्यानं तोंडावर हात ठेवला.

"हसा, हसा," बाबाराव म्हणाला. "इथं येनारा मानूस लाकडं तोलून होयेपर्यंत याच खाटेवर बसते. कुठं पाहावं त्याले समजत नाही. मंग हा फोटो पाह्यते. मांगच्या महिन्यात एक पोट्टा आला, बापाले घेऊन. पाह्यला फोटो अन् हसला. तुमच्यासारखाच. मंग जे रडला, जे रडला! तवापर्यंत त्याच्या डोळ्यातून टिपूस नव्हतं आलं. त्याच्या काकानं माहे हात धरले."

बाबारावनं बिडी पेटवली. "बाई आली होती पोरीचा फोटो काढाले, अंगनवाडीसाठी. मी म्हनलं, बाई, इथं काहून येता, अशुभ असते. ते म्हने, पोरगी तं इथंच खेळते ना?"

बाबारावच्या मुलीनं बाईंचा पत्ता बस स्टँडवरून आणला होता. तिथं बायकांच्या संडास-बाथरूमच्या आतल्या खोलीत एक फोटो आहे, असं ती सांगत होती.

इथे अच्युतची गाडी अडली. तिथे तो कसा जाणार? शेवटी त्या संध्याकाळी त्यानं पिंकीला सगळं सांगितलं. पिंकी बिलासपूरची. मराठी सगळं समजायचं, पण उत्साहात आली की हिंदीच तोंडात यायची. "सुनो ना, अभी चलते हैं," ती म्हणाली आणि चपला घालून दारात उभी राहिली.

बस स्टँडवर अच्युत बाहेर शेंगदाणे खात थांबला. पिंकी आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. त्याला काळजी वाटायला लागली. मग ती आली आणि काही न बोलता त्याच्या पुड्यातले शेंगदाणे खायला लागली.

"काय आहे सांग ना!"

"रुको, रुको." तिनं डोळे मिटले. "एक आरसा आहे. छोटासा, फुटका. त्याच्यासमोर पाच बायका. कुठून कुठून आलेल्या, बस बदलायला. एकीच्या डोक्यावर अजून टोपली आहे. एक नवी नवरी. एक मास्तरीण असेल, चष्मा आहे तिला. आणि सगळ्या एकाच वेळी त्या आरशात बघून राहिल्या. कुनी टिकली लावते, कुनी केस बांधते. कुनी कुनाला धक्का नाही देत. म्हणजे ना, प्रत्येकीला आरशातला आपला तुकडा भेटला आहे." ती थांबली. "और पता है, आई पण आहे त्याच्यात. कोपऱ्यात. कॅमेरा दिसते आणि हसतानाचे दात दिसते. मी आईला असं हसताना कधी नाही पाहिलं."

अच्युतला तो फोटो कधीच बघायला मिळणार नव्हता. पण पुढे कुणी विचारलं की आईचा सगळ्यात चांगला फोटो कोणता, तर तो हाच सांगायचा.

घरी आई मेथी निवडत होती. अच्युत तिच्याशेजारी खाली बसला. "आई, मी चक्कीतला फोटो पाह्यला. अन् बांगड्यांचा. अन् बाबारावचा. पिंकीनं बस स्टँडचा पाह्यला."

आईनं मान वर केली नाही. "बरे आले का?"

"बरे? आई, मले तं बोलता येऊन नाही राहिलं. तू सांगितलं काहून नाही कधी?"

"त्यात काय सांगायचं? तू फायली लिहिते, ते सांगते का मले?"

"पण घरी एक तरी लावायचा होता."

आता आईनं हातातली काडी खाली ठेवली. "घरी मोठा फोटो लावला की त्याले हार लागते, अच्युत. पाह्य ना कोनाच्याही घरी. देव नाही तं गेलेला मानूस. जित्या मानसाचा मोठा फोटो लावाले आपल्या घरात जागाच नसते. मंग मी म्हनलं, जिथं मानूस काम करते तिथं लावू. तिथं कोनी हार नाही घालत." आणि ती पुन्हा मेथीकडे वळली. "पहिला तो बस स्टँडचाच. दुर्गला लग्नाचं काम होतं, गाडी सुटली माही. बसली होती आत. पाह्यलं त्याइले आरशात, अन् हात राह्यला नाही."

अच्युत त्या रात्री जेवताना पिंकीला आणि पिंकी त्याला ते फोटो पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि आई दोघांना 'जेवा आता' म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मंत्रालयात त्यानं ही गोष्ट नीलकंठरावांना सांगितली. नीलकंठराव त्याचे साहेब, नागपूरचे, हौशी माणूस. नोव्हेंबरात राज्याच्या स्थापनेचा राज्योत्सव होता, आणि त्यात एका दालनात काय लावावं या विचारात ते होतेच. "अहो धोटे, फोटो घेऊन या सगळे," ते म्हणाले. "छान लावू. आईंचा सत्कार करू." अच्युतला अंगात वारं भरल्यासारखं झालं. तो संध्याकाळीच स्कूटर घेऊन निघाला.

शालिग्राम ऐकून घेईपर्यंत हसत होता, मग त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "मेला में?" तो म्हणाला. "भइया, वो गाँव से लौटी नहीं है अभी. फोटू भी चला जाएगा तो मैं किसके साथ चक्की चलाऊँगा?"

बांगडीवाला म्हणाला की फोटो जिथे आहे तिथे छत गळतं, काढला तर पाणी बांगड्यांवर येईल. पाऊस कधीच संपला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अच्युतनं विषय सोडून दिला. बाबारावनं सरळ हात जोडले. "तेवढ्या दिवसांत जे लोक येतीन, त्याइनं काय पाह्याचं, सांगा." आणि बस स्टँडवर ती बायकांची खोली सांभाळणाऱ्या बाईनं पिंकीला निरोप दिला, की तिची काही हरकत नाही, पण आधी त्या पाचही जणींना विचारून या.

अच्युत हिरमुसून घरी आला. मग त्याला सुचलं, निगेटिव्ह तर असतील! नव्या प्रती काढू.

"निगेटिव्ह मी देऊन टाकते," आई म्हणाली. "फ्रेमच्या मांगं पाकिटात असते. आधीपासून तशीच रीत आहे माही. पोरीचा फोटो काढला की तिची माय निगेटिव्ह मांगे. कोनी दुसरी प्रत काढू नये, कोनाच्या हाती पडू नये. मी म्हनलं, बरोबर आहे. ज्याचा चेहरा, त्याच्यापाशीच राहू दे."

"म्हणजे तुह्यापाशी काहीच नाही?"

"मी पाह्यलं ना," आई म्हणाली. "काढताना."

नीलकंठरावांना हे सांगताना अच्युतची मान खाली होती. साहेब जरा नाराज झाले, जरा हसले, आणि दालनात दुसरं काही लावायचं ठरलं. पण आईचं नाव त्यांच्या डोक्यात राहिलं. महिन्याभरानं सगळ्या कर्मचाऱ्यांची नवी ओळखपत्रं करायची निघाली तेव्हा ते म्हणाले, "धोटे, तुमच्या आईंनाच बोलवा."

आई आली. व्हरांड्यात पडदा टांगला, स्टूल ठेवलं. अच्युतनं साहेबांकडून दिवसाची सवड मागून घेतली होती आणि तो छत्री धरून प्रकाश अडवायला उभा होता. एकेक जण येऊन बसायचा, हनुवटी खाली करायचा, उठायचा. दुपारपर्यंत सगळे झाले. फक्त आवक-जावक शाखेच्या माया गजभिये आल्या नव्हत्या. डाक साचली होती, त्यांना उठता येत नव्हतं.

"मंग आपण जाऊ," आई म्हणाली.

ती खोली अच्युतच्या शाखेच्या अगदी समोर होती. चार वर्षं तो दारातून आत डोकं घालून 'मायाताई, हे आजच काढा हं' म्हणायचा आणि परत फिरायचा. आत त्यानं आज पहिल्यांदा नीट पाऊल टाकलं. हॉस्पिटलच्या काळातल्या पांढऱ्या टाइल्स अजून भिंतींना होत्या. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन त्या टाइल्सवर आपटत होतं आणि सगळी खोली दुधासारखी उजळली होती. एका भिंतीला लाकडी खणांचं मोठं कपाट, प्रत्येक खणावर एका जिल्ह्याचं नाव.

आईनं ओळखपत्राचा फोटो काढला. मग कॅमेरा मांडीवर ठेवून ती बाकावर बसली. "करा तुम्ही तुमचं काम. मी बसते जराशी, पाय दुखून राहिले."

पाय दुखत नव्हते हे अच्युतला माहीत होतं. तो दाराशीच थांबला.

मायाताई सुरुवातीला अवघडल्या. मग हाताला सवय होती, हात चालायला लागले. लिफाफ्याची कड टेबलावर टक्‌ करून सारखी करायची, पत्ता वाचायचा आणि बसल्या जागेवरून तो नेमका त्या खणात भिरकावायचा. आणि प्रत्येकाशी तोंडातल्या तोंडात बोलायचं. "जा बाई, जशपूर. तू कोरबा. अन् तू? तू दंतेवाडा, लांब आहे रे बापा तुले."

"तुम्ही गेल्या का दंतेवाड्याले?" आईनं विचारलं.

"मी कुठली जाते!" मायाताई म्हणाल्या. "माहेर गोंदियाचं, सासर इथलं. डोंगरगडच्या त्या पहाडापर्यंत गेली असन, धम्म मेळाव्याले. पन सांगू का बाई, राज्य झालं तवापासून इथंच बसली आहे मी. रोज सारं राज्य माह्या हातून जाते. कुठल्या जिल्ह्यात तहसील नवी झाली, कुठं पूल होऊन राहिला, मले पाकिटावरून समजते. मंग वाटते, आपन पन गेलोच ना थोडे थोडे."

असं म्हणून त्यांनी हातातले तीन-चार लिफाफे एकापाठोपाठ एक उडवले आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोकळ्या हसल्या. अच्युतला आईचा हात हललेला दिसलासुद्धा नाही. नुसता शटरचा आवाज आला.

चार दिवसांनी आईनं फोटो आणून मायाताईंना दिला. पांढऱ्या खोलीत पांढरे लिफाफे पाखरांसारखे हवेत, प्रत्येक आपापल्या खणाच्या वाटेवर, आणि त्यांच्यामध्ये हात अजून उंच असलेल्या, हसणाऱ्या मायाताई. त्यांनी तो किती तरी वेळ पाहिला. पदरानं डोळे टिपले, मग पदरानंच काच पुसली. टाइल्समध्ये खिळा जाईना, म्हणून अच्युतनं खुर्चीवर चढून तो खणांच्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवला.

त्यानंतर गंमत अशी झाली की शाखांमधले लोक शिपायाच्या हाती डाक पाठवायचं सोडून स्वतः घेऊन यायला लागले. एक दिवस खुद्द नीलकंठराव एक साधं पत्र घेऊन आले. कपाटासमोर उभे राहिले. मायाताई उठून उभ्या राहायला लागल्या तर त्यांनी हातानंच 'बसा' म्हटलं.

"हे जशपूरचं आहे," ते शेवटी म्हणाले. "मी टाकून बघू का?"

त्यांनी तिथूनच लिफाफा भिरकावला. तो सरगुजाच्या खणाला आपटून खाली पडला. मायाताई खळखळून हसल्या, आणि साहेबही.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर आईनं पिशवी उचलली तेव्हा अच्युत आधीच दाराशी छत्री घेऊन उभा होता. पिंकीही पदर खोचून आली.

"आज कुठं?" अच्युतनं विचारलं.

"बर्फाच्या कारखान्यात," आई म्हणाली. "जुन्या चपला घाला दोघंही. तिथं लय पानी असते."